खलास

राजोडीच्या वाळूत पोरांचा क्रिकेटचा डाव चालतो. दांडी उडाली की एकच ओरडा होतो, 'खलास!' मंडळी, शाळेत मी हा शब्द निबंधात लिहिला, तर गुरुजींनी खाली लाल रेघ मारली : उनाडांची भाषा! वसईवर १५३४ ते १७३९ राज्य केलेल्या पोर्तुगीजांचे पाव, पगार, चावी मात्र त्यांना खपत. १९६५ साली भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'तल्या नाक्यावरच्या बोलीवरूनही केवढा गदारोळ झाला!

खलास मूळचा अरबी. सुटका हा त्याचा जुना अर्थ. 'ठार' हा नाक्यावरचा. दादी गेली तेव्हा दारातल्या पोराने विचारले, 'दादी खलास?' माझा हात उगारला गेला. मग आठवले, अंथरुणाला खिळलेली दादी रोज याच शब्दात अल्लाकडे सुटका मागत होती.