चढ-उतारदर्शक इंग्रजी शब्दसंग्रह

वस्तू, पातळी, किंमत किंवा आकडा वर जातो, खाली येतो, हेलकावे खातो अथवा एका जागी ठरतो, हे सांगणारी इंग्रजीतील क्रियापदे, नामे आणि त्यांना जोडून येणारी अव्यये. बाजाराच्या बातम्या, हवामानाचे अहवाल आणि आयल्ट्ससारख्या परीक्षांतील आलेखवर्णन यांत हा शब्दगट सतत लागतो.

गाभा जुन्या जर्मानिक शब्दांचा : राइज, फॉल, क्लाइम, सिंक. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर त्यावर फ्रेंचमार्गे आलेल्या लॅटिन शब्दांचा थर बसला : असेंड, डिसेंड, माउंट. हे शब्द आजही औपचारिकच राहिले आहेत. राजा सिंहासनावर ‘असेंड’ करतो. घरचा जिना मात्र सगळे ‘गो अप’ करूनच चढतात.

अमेरिकन भाषावैज्ञानिक लेनर्ड टॅल्मी यांनी या रचनेचे मर्म दाखवले. इंग्रजी क्रियापदात गतीची रीत भरते आणि दिशा ‘अप’, ‘डाउन’ अशा चिमुकल्या शब्दांवर सोपवते : रन अप, क्रॉल डाउन. मराठीत बहुधा उलट चालते. चढणे, उतरणे, शिरणे यांत दिशा असते आणि रीत शेजारी येते : धावत चढला, सरपटत उतरला. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी क्रियापदे सापडतात, पण अव्यय निसटते.

राइज–रेझ ही जोडी तर हमखास चुकवणारी. राइज म्हणजे स्वतः चढणे, रेझ म्हणजे चढवणे; दुसरे रूप स्कँडिनेव्हियन आक्रमकांच्या भाषेतून आले. फॉल (पडणे) आणि फेल (झाड पाडणे), लाय आणि ले याही तशाच जोड्या. पडणे–पाडणे, चढणे–चढवणे ही यंत्रणा मराठीत जिवंत आहे. इंग्रजीत तिचे मोजके अवशेष उरले. त्यात फॉलचे भूतकाळी रूपही ‘फेल’च, म्हणजे गोंधळात भर.

वेग दाखवणाऱ्या शब्दांची कुळे रंजक आहेत. ‘प्लमेट’ म्हणजे मुळात ओळंब्याचा शिशाचा गोळा. गवंड्याच्या हातून दोरी सुटली की तो सरळ रेषेत खाली जातो, वाटेत कुठे रेंगाळत नाही. थेट कोसळण्याचा अर्थ या शब्दाला विसाव्या शतकात चिकटला. ‘प्लंज’चे मूळही शिसे या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. ‘सोअर’मध्ये वारा दडलेला, तर ‘स्कायरॉकेट’ हा दारूकामातला बाण.

आकड्यांची हालचाल डोळ्यांना दिसू लागली ती विल्यम प्लेफेअर याच्या 1786 च्या व्यापारविषयक आलेखसंग्रहामुळे. आलेखाच्या भाषेत शब्दयोजना टक्क्यांवर ठरते. 28 एप्रिल 1992 रोजी, हर्षद मेहता प्रकरणाच्या धक्क्यात, सेन्सेक्स सुमारे 570 अंशांनी पडला. 23 मार्च 2020 रोजी सुमारे 3,935 अंशांनी. अंशांत तफावत जवळजवळ सात पट, पण टक्केवारी अनुक्रमे 13 च्या जरा खाली आणि जरा वर. दोन्ही दिवशी ‘प्लमेट’ शोभते. एखाद्या टक्क्याच्या घसरणीला ‘डिप’ किंवा ‘स्लिप’ पुरे, तरी इंग्रजी मथळे ‘क्रॅश’ छापतात. आपल्याकडेही कांद्याचे भाव उतरतात कमी आणि बातम्यांत गडगडतात जास्त.

परीक्षेच्या तयारीची पुस्तके ही सगळी क्रियापदे समानार्थी म्हणून एका रकान्यात मांडतात, हे त्यांचे मोठे वैगुण्य. रकाना पाठ करणारा ‘प्लमेटेड स्लाइटली’ असे लिहून बसतो. त्याहून महत्त्वाची आहेत शब्दयोगी अव्यये : ‘फेल बाय’ पडण्याचे माप सांगते, ‘फेल टू’ कुठवर पडला ते. टक्का आणि टक्केबिंदू हा भेदही तसाच. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.5 वरून 6.25 टक्क्यांवर आणला. ही घट पाव टक्केबिंदूची. टक्केवारीत मोजली तर जवळपास 3.85 टक्क्यांची.

दिशा नेहमी रेषेवरून कळते असेही नाही. डॉलरचा भाव 70 रुपयांवरून 80 रुपयांवर गेला की आलेखातली रेषा चढते, आणि तिच्याखाली छापलेले असते, ‘रुपी फॉल्स’.