एका रोगाची वंशावळ

इतिहास म्हटला की राजवटी, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु रोगालाही इतिहास असतो. रक्ताच्या कर्करोगाचा जो एक सावकाश वाढणारा प्रकार आहे, त्याचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे मांडीत आहोत.

१८४५ साली एडिंबरोत बेनेट यांनी व बर्लिनमध्ये विरचो यांनी मृतांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींचा विलक्षण भरणा नोंदविला. पुढे वैद्यांच्या ध्यानात आले की, हा रोग काही वर्षे शांत असतो. मग एकाएकी खवळतो, रक्तात अपक्व पेशींचा लोंढा येतो आणि थोड्याच महिन्यांत रोगी दगावतो. शांत रोग खवळतो का, हाच खरा प्रश्न होता.

उत्तराचा पहिला धागा फिलाडेल्फियात सापडला. पीटर नोवेल यांनी पेशींच्या काचपट्ट्या साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. पेशी फुगून त्यांतील गुणसूत्रे सुटी दिसू लागली. डेव्हिड हंगरफर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड आढळले. १९६० साली उभयतांनी ते जाहीर केले आणि त्याला त्या शहराचेच नाव पडले.

पण तुटलेला तुकडा गेला कोठे? १९७२ साली शिकागोच्या जॅनेट रौली घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रे जुळवीत बसत. रोग खवळलेल्या रुग्णांत नववे गुणसूत्र त्यांना लांब दिसले. ही खवळण्याचीच खूण असावी, असे प्रथम वाटले. मात्र त्याच रुग्णांचे शांत काळातले नमुने पाहिले, तर तेथेही तेच! म्हणजे ही खूण शेवटाची नसून आरंभाची होती. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली होती. हा शोध १९७३ साली प्रसिद्ध झाला.

या अदलाबदलीने दोन जनुके जोडली जातात आणि त्यांपासून झालेले प्रथिन पेशीला वाढीचा अखंड हुकूम सोडते. वाढता वाढता नवे दोष साचतात: दुसरे आखूड गुणसूत्र, एक जादा आठवे, बिघडलेले सतरावे. १९७६ साली नोवेल यांनी याचा सिद्धान्त मांडला. कर्करोग म्हणजे एका पेशीचे घराणे. त्यातली दांडगी शाखा इतरांना हुसकावून गादी बळकावते.

ब्रायन ड्रुकर प्रभृतींच्या खटपटीने त्या प्रथिनालाच लगाम घालणारे इमॅटिनिब हे औषध सिद्ध झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शांत अवस्थेतील बहुतेकांचे रक्त त्याने ताळ्यावर आले. खवळलेल्या अवस्थेत मात्र गुण फार काळ टिकेना. शत्रू एक असतो तोवर एक शस्त्र पुरते. त्याच वर्षी असेही दिसले की, जोडजनुकातील एका अक्षराच्या फेरफारानेही औषध निकामी ठरू शकते.

औषध वर्षानुवर्षे, रोज घ्यावयाचे. तेव्हा किंमतही जीवनमरणाची गोष्ट ठरते. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एका रूपाचे पेटंट नाकारले आणि स्वस्त भारतीय गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

या इतिहासाचा बोध एवढाच की, रोगाचा शांत काळ ही विश्रांती नसून मिळालेली सवड आहे. अंगात बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडणे, म्हणजे त्या घराण्याला नवी शाखा फुटू देणेच होय.