चार सूत की बारा एमएम? जुन्या जीपचा एक बोल्ट आणि त्यामागचा इतिहास

समजा, पांढरकवड्याच्या एखाद्या गॅरेजात जुनी महिंद्रा जीप उभी आहे. शेतवाटा, नाले आणि काळ्या मातीतल्या चाकोऱ्या तुडवण्यात आयुष्य गेलेली. स्टिअरिंग बॉक्स चेसिसला धरून ठेवणाऱ्या बोल्टांपैकी एक गायब आहे. मिस्त्री डब्यातून तसाच दिसणारा बोल्ट काढतो, फिरवून बघतो, बसतो. काम झालं?

नाही झालं. का नाही, हे कळायला आधी आट्यांचा इतिहास बघावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढेलच याची खात्री नसे. १८४१ मध्ये मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी एक पद्धत मांडली: आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला इंचामागे आट्यांची ठरलेली संख्या. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, बनवायला सोपा आटा सुचवला. अटलांटिकच्या दोन बाजूंना दोन पद्धती रुजल्या.

आपल्याकडे इंग्रजी यंत्रं आली, त्यांच्याबरोबर इंग्रजी आटे आले. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर, म्हणजे आपल्या ‘शकुंतले’वर, १९९४ पर्यंत धावलेलं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं होतं. इंचाचा हिशेब आपल्या बोलण्यात अजून आहे. इंचाच्या आठव्या भागाला मिस्त्री आजही ‘सूत’ म्हणतात. अर्ध्या इंचाचा बोल्ट म्हणजे चार सूत.

दोन पद्धतींची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनी बनवू लागली, तेव्हा तिला ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारं स्वतः तयार करावी लागली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा ‘युनिफाइड’ आटा मान्य केला. त्यातल्या बारीक आट्याला यूएनएफ म्हणतात, जाड्याला यूएनसी.

जीप याच काळातली. १९४७ मध्ये विलिस कंपनीच्या जीप सुट्या भागांत मुंबईला आल्या आणि महिंद्राने त्या जोडायला घेतल्या. म्हणजे इंग्रजी इंचाच्या देशात अमेरिकन इंच आला. पुढे १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. हे इंजिन मेट्रिक. आता चित्र बघा: गाडीचा आराखडा विलिसचा, इंचाचा, इंजिन फ्रेंच, मिलिमीटरचं, आणि पन्नास वर्षांच्या दुरुस्त्यांत डब्यातून निघेल तो बोल्ट. एकाच गाडीत तीन थर.

खरा धोका न बसणाऱ्या बोल्टाचा नसतो, तो *जवळपास* बसणाऱ्याचा असतो. अर्ध्या इंचाच्या यूएनएफ बोल्टाला इंचात २० आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२७ मिमी. एम१२ च्या बारीक बोल्टात ते १.२५ मिमी असतं. फरक इतका कमी की एम१२ चा बोल्ट चार सुती नटात सरळ फिरतो. पण जाडी १२.७ विरुद्ध १२ मिमी. प्रत्येक बाजूला ०.३५ मिमी फट राहते आणि आट्याची पकड साधारण निम्म्यावर येते. हाताला तो ‘बसला’ असं वाटतं. जोर लावून आवळला, किंवा गाडी नाल्यात आदळली, की आटे सोलून निघतात. स्टिअरिंग बॉक्स किंवा पाट्यांचे यू-बोल्ट अशा जागी याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

मग ओळखायचं कसं?

आधी डोकं तारेच्या ब्रशने साफ करा आणि वाचा. अमेरिकन एसएई पद्धतीत डोक्यावर रेषा असतात: तीन रेषा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. मेट्रिक बोल्टावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, बोल्ट कायमचा ताणला जातो. ढोबळमानाने ग्रेड ५ ची ताकद ८.८ इतकी, ग्रेड ८ ची १०.९ इतकी. डोकं कोरं असेल तर बोल्ट साधा आहे असंच धरा. चकचकीत स्टेनलेसच्या मोहात पडू नका. बाजारात सहज मिळणारा ए२-७० वर्गाचा बोल्ट ७०० चा असतो. गंजत नाही, पण ताकदीला ८.८ पेक्षा कमीच.

मग व्हर्नियरने जाडी आणि पिच गेजने आटे मोजा. दोन्ही हवेत. वरच्या उदाहरणात एकटा गेज फसवू शकतो. फक्त जाडी आणि आट्यांची संख्या बघितली तरी पुरत नाही: ३/८ इंचाला व्हिटवर्थ आणि यूएनसी दोन्हीत इंचामागे १६ आटेच असतात, फरक फक्त कोनाचा.

इथे संशोधनाला निघालेल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. निघालेला बोल्ट हा मूळ पुरावा नाही. तो कोणीतरी कधीतरी बदललेला असू शकतो. आटे पाडलेलं भोक मात्र सहसा कोणी बदलत नाही. म्हणून नमुन्याचा बोल्ट दुकानात नेण्याआधी भोक तपासा आणि शेजारच्या बोल्टांशी ताडा. पोथीच्या अनेक प्रती ताडून मूळ पाठ ठरवतात, तसंच हे.

बदलताना वर्ग मूळच्यापेक्षा खाली नको, नटही त्याच वर्गाचा. लॉक नट पुन्हा वापरू नका. बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा काम करतो. दोन भाग दाबून धरतो तो त्याचा ताण. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा, आणि यू-बोल्ट थोडं अंतर चालवल्यावर पुन्हा तपासा. आणखी एक: युद्धकाळातल्या विलिसच्या डाव्या चाकांना उलटे आटे होते. जुन्या जीपचा चाकाचा नट निघत नसेल तर पाइप लावून जोर करण्याआधी स्टडवर ‘एल’ आहे का बघा.

‘आता सगळं मेट्रिक झालं, इंच गेला’ असं वाटत असेल तर सीट बेल्ट बघा. त्याच्या बोल्टाच्या भोकाला संयुक्त राष्ट्रांच्या १४ क्रमांकाच्या वाहन-नियमात माप आहे ७/१६ इंच, २० आटे, यूएनएफ. त्यामुळे बाकी अंगाने मेट्रिक असलेल्या गाड्यांतही हा एक इंची बोल्ट सापडतो.

तुमच्या प्रयोगशाळेतला जुना पंप किंवा लेथही असाच थरांचा असणार. पुढच्या वेळी त्याचा एखादा बोल्ट पडला, तर ‘बसतोय ना’ एवढ्यावर थांबू नका. जाडी, आटे, कोन, वर्ग आणि भोक, पाचही वहीत लिहा, मगच नवा बोल्ट आणायला जा.