द लायन स्लीप्स टुनाइट

'द लायन स्लीप्स टुनाइट' हे न्यू यॉर्कमधील ब्रुकलिनच्या 'द टोकन्स' या गायकवृंदाने १९६१ साली ध्वनिमुद्रित केलेले इंग्रजी पॉप गीत आहे. डिसेंबर १९६१ मध्ये ते अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तीन आठवडे तेथे राहिले. गीताची मूळ चाल दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा यांची असूनही श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते.

उगम

लिंडा जोहान्सबर्गच्या गॅलो या ध्वनिमुद्रिका कंपनीत वेष्टन विभागात काम करीत. १९३९ साली त्यांनी 'इव्हनिंग बर्ड्स' या आपल्या वृंदासह तेथेच 'एम्बूबे' (झुलू भाषेत 'सिंह') हे गीत गायले. खर्जातील पुरुषस्वर एकच पालुपद घोळवत राहतात आणि त्यांच्यावर लिंडांचा बारीक, उंच आवाज मोकळेपणाने फिरतो, अशी त्याची बांधणी आहे. तिसऱ्या प्रयत्नात, गीत संपत आले असता, लिंडांनी आयत्या वेळी एक स्वरावली घेतली. पुढे इंग्रजी शब्द बसवले गेले ते हिच्यावरच. मूळ मुद्रिकेत मात्र ती जेमतेम काही सेकंद ऐकू येते. मुद्रिका आफ्रिकेत लाखभर खपली व त्या गायनशैलीलाच 'एम्बूबे' हे नाव पडले. लिंडांनी गीताचे हक्क अवघ्या दहा शिलिंगांना गॅलोला दिले होते.

अमेरिकेतील प्रवास

लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्याकडून ही मुद्रिका गायक पीट सीगर यांच्या हाती आली. सीगर यांनी ती ऐकून लिहून घेतली. त्यात 'उयिम्बूबे' या शब्दांचे 'विमोवे' झाले आणि त्याच नावाने 'द वीव्हर्स' या त्यांच्या वृंदाचे गीत १९५२ मध्ये गाजले. टोकन्ससाठी जॉर्ज डेव्हिड वाइस यांनी नवे इंग्रजी शब्द लिहिले. ही मुद्रिका 'टीना' या गीताच्या मागील बाजूस होती, तरी श्रोत्यांनी उचलून धरली ती मागचीच बाजू. पुढे रॉबर्ट जॉन (१९७२) आणि ब्रिटनमध्ये टाइट फिट (१९८२) यांच्या आवृत्त्याही लोकप्रिय झाल्या.

प्रताधिकाराचा वाद

टोकन्सच्या यशानंतर वर्षभरातच, ऑक्टोबर १९६२ मध्ये, लिंडा दारिद्र्यात निधन पावले. त्यांच्या कबरीवर कित्येक वर्षे साधा दगडही नव्हता. १९९४ च्या 'द लायन किंग' या डिस्नेच्या चित्रपटात गीत वापरले गेले. २००० साली पत्रकार रियान मलान यांनी 'रोलिंग स्टोन' नियतकालिकात हा सारा इतिहास मांडला. केवळ या चित्रपटाशी संबंधित वापरातून दीड कोटी डॉलरची कमाई झाली असावी, असा त्यांचा अंदाज होता.

वारसांना आधार मिळाला तो वसाहतकालीन कायद्याचा. १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या प्रताधिकार कायद्यानुसार विकलेले हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी वारसांकडे परत येत. याच तरतुदीवर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डिस्नेविरुद्ध दावा दाखल झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये तो तडजोडीने मिटला. तडजोडीनुसार 'एम्बूबे' हा गीताचा मूलस्रोत मानला गेला, लिंडांना सहसंगीतकाराचे श्रेय मिळाले आणि मागील व पुढील स्वामित्वधनावरील वारसांचा हक्क मान्य झाला.