गुलाबाची छाटकलमे : श्रीरामपूर–शिर्डी परिसर

गुलाबाच्या पक्व फांदीचा तुकडा मातीत रोवून त्यास स्वतःची मुळे फुटू देण्याच्या पद्धतीस छाटकलम म्हणतात. बागेतील बहुतेक गुलाब संकरज असल्याने त्यांच्या बियांपासून मूळ झाडासारखे झाड येत नाही. वाण टिकतो तो फांदीमुळे किंवा तिच्यावरील डोळ्यामुळे. म्हणून गुलाबाचा इतिहास हा पुष्कळ अंशी हातोहात गेलेल्या छाट्यांचाच इतिहास आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात या इतिहासास कालव्याचे पाणी, भारी काळी जमीन व शिर्डीचे देवस्थान यांनी वेगळे वळण दिले.

वर्षभर फुलणारा गुलाब मूळचा चीनमधला. लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्यास ‘रोझा इंडिका’ हे नाव दिले व त्यामुळे तो भारतीय असल्याचा समज पुढे दीर्घकाळ टिकला. हिंदी महासागरातील बूर्बाँ (आताचे रेयून्याँ) बेटावर शेतांच्या कुंपणाला चिनी व दमास्क असे दोन्ही गुलाब लावीत. त्यांच्या नैसर्गिक संकरातून तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उद्‌भवलेला सुवासिक गुलाब भारतात ‘एडवर्ड’ या नावाने रूढ झाला. तो काटक असून छाट्यापासून सहज येतो. हारांसाठी फुले आणि इतर गुलाबांसाठी खुंट असा त्याचा दुहेरी उपयोग झाला. घरोघरी ‘गावठी’ म्हणून जो गुलाब दाखविला जातो, तो अशा परदेशी पूर्वजांचा वंशज असतो, हे क्वचितच लक्षात घेतले जाते.

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला व त्यावरील बेलापूर स्थानकाजवळ पुढे श्रीरामपूरची बाजारपेठ वाढली. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाल्यावर प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस पसरला आणि अवर्षणप्रवण मुलखात बारमाही बागायत शक्य झाली. मात्र पाण्याचा अतिवापर व अपुरा निचरा यांमुळे कालव्याखालील बऱ्याच जमिनी पाणथळ आणि चोपण झाल्या. उसाला काही काळ हे सोसते; गुलाबाला सोसत नाही. साचलेल्या पाण्यात त्याची मुळे गुदमरतात, तर चुनखडीयुक्त जमिनीत लोह न मिळाल्याने कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यामुळे खुंट कोणता, हा येथे केवळ हौशीचा प्रश्न नाही. ‘रोझा मल्टिफ्लोरा’चा खुंट आम्लधर्मी जमिनीत उत्तम वाढतो, पण चुनखडीच्या जमिनीत मागे पडतो, तेथे ‘रोझा इंडिका ओडोराटा’ अधिक तग धरतो.

छाटे पावसाळ्याच्या आरंभी किंवा ऑक्टोबरच्या छाटणीच्या वेळी घेतात. फूल गळून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडून तिचे १५ ते २० सेंमी. लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करतात. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली तिरपा व वरचा सरळ घेण्याचा प्रघात आहे. त्यामुळे छाटा उलटा लावला जात नाही. काळी माती एकटी वापरू नये. तीत वाळू व पोयटा मिसळावा. ताजे शेण घातल्यास छाटा कुजतो. छाट्याचा सु. दोन-तृतीयांश भाग मातीत पुरून तो सावलीत ठेवतात व माती ओली, पण चिखल न होईल इतपत भिजवितात. नवख्यांची फसगत होते ती यानंतर. फांदीत साठलेल्या अन्नावर वरचा डोळा मुळांच्या आधीच फुटतो. पालवी पाहून रोप उपटून दुसरीकडे लावले की ते आठवड्याभरात सुकते. मुळे धरण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. इंडॉल ब्युटिरिक अम्लाचा मुळे फुटण्यावरील परिणाम १९३५ च्या सुमारास सिद्ध झाल्यापासून रोपवाटिकांत त्याचा वापर वाढला; तरीही पिवळ्या फुलांचे अनेक संकरज वाण छाट्यापासून नीट येत नाहीत. त्यांना खुंटावर डोळा भरण्यावाचून गत्यंतर नाही.

डोळा भरलेल्या झाडाची एक खोड प्रसिद्ध आहे. जोडाच्या खालून निघालेले खुंटाचे फुटवे वेळीच काढले नाहीत, तर ते वरच्या वाणाला मारून टाकतात आणि ‘गुलाब बदलला’ अशी तक्रार ऐकू येते. वस्तुतः बदललेले काहीच नसते. वरचा गुलाब मेलेला असतो. स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या छाटकलमास हा धोका नाही व ते बुंध्यापर्यंत वाळले तरी त्याच वाणाचा फुटवा येऊ शकतो. छाटणीनंतर फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत जाणे (फांदीमर) हा येथील सर्वांत घातक रोग होय. कापांवर बोर्डो मलम लावणे व रोगट फांदी निरोगी भागापर्यंत छाटणे हे त्यावरचे उपाय आहेत. भुरीसाठी गंधक वापरतात.

शिर्डी श्रीरामपूरच्या वायव्येस आहे. साईबाबांनी (मृत्यू १९१८) राहात्याहून रोपे आणून बाग केल्याचे श्रीसाईसच्चरितात सांगितले आहे. त्यांत जाई, जुई, झेंडू यांचा उल्लेख आहे, गुलाबाचा नाही. पुढे मात्र समाधीवर वाहण्याचे मुख्य फूल गुलाबच ठरले व आसपासच्या गावांतील छोट्या शेतकऱ्यांना त्यापासून रोजचे रोख उत्पन्न मिळू लागले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे मंदिर बंद झाले. ते पुन्हा उघडल्यावरही फुले-हार नेण्यास मनाई राहिली. शेतकऱ्यांनी २०२२ मध्ये आंदोलन केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अनुमती दिली आणि डिसेंबरमध्ये फुले पुन्हा समाधीवर जाऊ लागली. मधल्या सु. पावणेपाच वर्षांत ज्यांना बाग मोडावी लागली, त्यांचे पीक एका हंगामात परत येणारे नव्हते. बागेबरोबर तिचे छाटेही जातात. ते शेजाऱ्याच्या बांधावरून मिळविले, तरी त्यांपासून नियमित तोड सुरू होण्यास साधारणतः एक वर्ष लागते.