हालचालीची मात्रा

आपल्या भाषेतला 'मात्रा' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वैद्य औषधाची मात्रा देतो, आणि गुण आला की मात्रा लागू पडली असे आपण म्हणतो. मात्रा म्हणजे औषधही आणि त्याचे मापही. दुखावलेल्या शरीरावरील उपचारांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहू लागलो, म्हणजे तो अशाच एका मात्रेच्या शोधाचा इतिहास आहे असे दिसून येते. हे औषध झाडपाल्यात नव्हते, कुपीतही नव्हते. ते खुद्द माणसाच्या हालचालीत होते, आणि कदाचित म्हणूनच ते औषध आहे हे पटायला इतका काळ लागला.

मल्लाच्या शरीराचा विचार आपल्याकडे जुनाच आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि व्यायाम यांची व्यवस्था सांगितलेली आहे. पुढे तालमीतल्या वस्तादाने जोर, बैठका आणि मालिश यांचे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या जपले. मुरगळलेला पाय चोळून देणारा वस्ताद आणि मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या बांधणारा हाडवैद्य यांच्या बोटांत मोठे ज्ञान साठलेले होते. परंतु ते बोटांतच राहिले. एकाचा अनुभव दुसऱ्याने पडताळून पाहावा, त्याची मोजदाद ठेवावी, फसलेल्या उपचारांचाही हिशेब मांडावा, अशी सोय त्या परंपरेत नव्हती.

युरोपात एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा सुरू झाली ती विश्रांतीच्या बाजूने. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांनी १८६३ साली विश्रांती आणि वेदना यांवरील आपली व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. वेदना ही शरीराची विश्रांतीसाठी चाललेली मागणी आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस त्यांच्याही पुढे गेले. दुखरा सांधा दीर्घकाळ, अखंड आणि सक्तीने स्थिर ठेवावा, असा त्यांचा आग्रह असे. हा विचार चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. थॉमस यांनी योजलेला लोखंडी साचा पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांना लावला जाऊ लागला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. अडचण पुढे येई. हाड सांधले जाई, पण सांधा आखडलेला आणि स्नायू वाळलेला असे. माणूस वाचे आणि जन्माचा अधू होई.

हालचालीचा पक्ष मांडणाऱ्यांत अग्रमान स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांचा. ते तलवारबाजीचे शिक्षक होते. या व्यायामाने आपल्याच हाताचे दुखणे बरे झाल्याचा अनुभव त्यांनी घेतला होता, असे सांगतात. १८१३ साली त्यांनी स्टॉकहोम येथे संस्था काढली आणि रोग्यासाठी वेगळे व निरोग्यासाठी वेगळे, असे व्यायामांचे वर्गीकरण केले. पुढे फ्रान्समध्ये ल्यूका-शांपियोनिएर या शस्त्रवैद्यांनी अस्थिभंगावरही मर्दन आणि सौम्य हालचाल यांचा पुरस्कार केला. तरीही या विद्येला प्रतिष्ठा नव्हती. लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली अनाचार चालतो असा गवगवा झाला, तेव्हा १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन आपल्या व्यवसायाची संघटना स्थापन केली, शिक्षण आणि परीक्षा यांची शिस्त घातली. आजच्या भौतिकोपचाराच्या व्यवसायाचा उगम, निदान ब्रिटनमध्ये, या चौघींच्या स्वाभिमानात आहे.

हालचाल हवी हे एकदा मान्य झाले, म्हणजे ती किती, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोतील एका लष्करी इस्पितळात मिळाले. तेथे गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेले सैनिक महिनोन्‌महिने पडून होते. हलक्या वजनाने पुष्कळ आवर्तने करावीत, अशी त्या वेळची रीत होती. टॉमस डिलॉर्म या तरुण डॉक्टरने ती उलटी केली. लहानपणी सांधेज्वराने ग्रासलेल्या या माणसाला श्रम टाळण्याचा सल्ला मिळाला होता, आणि त्याने तो धुडकावून वजने उचलून शरीर कमावले होते. जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल एवढे वजन त्याने प्रत्येक रोग्यासाठी ठरवले आणि बळ वाढेल तसे वजन वाढवत नेले. त्याचा लेख १८४५ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९४५ साली प्रसिद्ध झाला. पुढे ही पद्धत दहा-दहा आवर्तनांच्या तीन फेऱ्यांवर स्थिरावली: पहिली त्या वजनाच्या निम्म्याने, दुसरी पाऊण वजनाने, तिसरी पूर्ण वजनाने. आज कोणत्याही व्यायामशाळेत दहाच्या तीन फेऱ्या मारणारा तरुण नकळत त्या जखमी सैनिकांचाच पाठ गिरवीत असतो. रोग्याचा उपचार आणि खेळाडूचा सराव या दोन गोष्टी येथे एक झाल्या.

याच सुमारास इंग्लंडमध्ये याहूनही कठीण परीक्षा चालू होती. पाठीचा कणा दुखावून कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांची आशा डॉक्टरांनीही सोडलेली असे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी बहुतेकांचा अंत होई. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे या रोग्यांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रोग्याची कूस बदलायची असा त्यांचा दंडक होता. कुशीवरून आरंभलेली ही हालचाल त्यांनी मैदानापर्यंत नेली. २९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना त्यांच्या इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. १९६० साली रोममध्ये तिचे आंतरराष्ट्रीय रूप दिसले.

त्या हिरवळीवरून निघालेली वाट आपल्या सांगली जिल्ह्यापर्यंत येऊन पोचते. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी भारताला अपंगांच्या ऑलिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. उपचार कोठे संपला आणि खेळ कोठे सुरू झाला, हे त्या पाण्यात कोणाला सांगता आले असते?

आपल्या देशात या विद्येचे रीतसर शिक्षण पोलिओच्या निमित्ताने आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे विद्यालय उभे राहिले. १९५५ साली या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना झाली. लुळ्या पायाच्या मुलांसाठी जी कला आपण शिकलो, तीच आज मैदानावरच्या खेळाडूच्या कामी येते.

मात्रेचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. १९७८ साली अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी मुरगळ्यावर विश्रांती, बर्फ, दाब आणि अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री सांगितली, आणि ती जगभर पाठ झाली. पुढे त्यांनी स्वतःच आपले मत बदलले. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असल्याने बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबू शकते, असे ते सांगू लागले. वेदना थोडी शमवण्यापुरता बर्फ ठीक. पण पहिले एक-दोन दिवस जपल्यावर सोसेल तेवढा भार हळूहळू द्यावा, या बाजूला आजचे शास्त्र झुकले आहे.

यातून धडा घ्यायचा तो एवढाच. सामना तोंडावर आला की खेळाडूला घाई होते आणि भीती बसली की रोगी अंथरूण धरतो. एकाची मात्रा फार, दुसऱ्याची शून्य. जाणता उपचारक या दोघांच्या मध्ये उभा असतो. त्याच्याजवळ यंत्रे थोडी असली तरी चालेल. आज किती आणि उद्या किती, हे त्याला कळले पाहिजे. वस्तादाच्या बोटांतले ते ज्ञान दोनशे वर्षांच्या खटाटोपानंतर आता मोजता येऊ लागले आहे. ते प्रत्येक तालमीत आणि गावोगावच्या दवाखान्यात पोचवणे, हे काम आपल्याकडे अजून उरलेले आहे.