वर्गणीची वही आणि वसतिगृहाची चूल

कोणत्याही जुन्या शिक्षणसंस्थेच्या दारात उभे राहिले की पहिली नजर जाते ती संगमरवरी फलकावर. देणगीदारांची नावे, रकमा, कोनशिला बसविणाऱ्या पाहुण्यांचे नाव, तारीख. ती देणगी मागायला चार खेपा कोणी घातल्या, पावती कोणी फाडली, आलेला पैसा दिवेलागणीला रोजमेळात कोणी मांडला आणि महिनाअखेर वाण्याचे बिल कसे भागवावे या विवंचनेत रात्र कोणी काढली, हे त्या दगडावर नसते. देणगीदारांविषयी अनादर म्हणून हे लिहीत नाही. त्यांच्यावाचून भिंती उभ्या राहत नाहीत. परंतु भिंतींच्या आत जे चालते ते ज्यांच्यामुळे चालते, त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शाळेचा हिशेब वेगळा आणि वसतिगृहाचा वेगळा. शाळा पाच वाजता सुटते. ग्रँट उशिरा आली तर मास्तरांचा पगार महिना-दोन महिने तुंबतो. ते कुरकुरतात आणि शिकवीत राहतात. वसतिगृहाला ही सवलत नाही. तेथे संध्याकाळी ताटे मांडावीच लागतात, आणि मंजुरीचा कागद अजून पुण्याहून आला नाही असे भुकेल्या पोराला सांगून भागत नाही. म्हणून निवासी शिक्षणाचा इतिहास हा निम्मा तरी पैसा गोळा करणाऱ्यांचा आणि तो सांभाळणाऱ्यांचा इतिहास आहे.

आपल्या नाशिकचेच उदाहरण घ्या. १९१४ साली येथे उदाजी मराठा बोर्डिंग निघाले आणि त्याच्याबरोबरच मराठा विद्या प्रसारक समाजाचा जन्म झाला. खेड्यातला मुलगा शिकायचा तर त्याला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण हवे. शाळा काढण्याआधी चूल पेटवली पाहिजे, हे त्या मंडळींनी अचूक ओळखले होते. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे, कीर्तिवानराव निंबाळकर ही नावे जिल्ह्यात आजही आदराने घेतली जातात. १९२० च्या एप्रिलमध्ये या वसतिगृहाच्या कोनशिलेच्या समारंभासाठी राजर्षी शाहू महाराज नाशिकला आले होते.

या शहरात एक गंमत आहे, ती रोज पाहणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली येथे कॉलेज काढले. ते आज हंसराज प्रागजी ठाकरसी या नावाने ओळखले जाते, म्हणजे देणगीदाराच्या नावाने. मराठा विद्या प्रसारक समाजाचे गंगापूर रोडवरील महाविद्यालय १९६९ चे. त्याच्या नावात कला शाखेला थोरात, वाणिज्य शाखेला हिरे आणि विज्ञान शाखेला मुरकुटे आहेत, म्हणजे संस्था चालविणाऱ्या कार्यकर्त्यांची नावे आहेत. दोन्ही रीती योग्य आहेत. पण दुसरी रीत दुर्मिळ आहे, आणि ती आपल्या शहरात आहे याचे मला अप्रूप वाटते.

याच नाशिकात शाहू छत्रपती बोर्डिंगही होते. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी त्याचे अधीक्षक म्हणून काम केले. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे धुरीण आणि पुढे संसदेचे सभासद म्हणून दादासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. अधीक्षक म्हणून फारसे कोणाला ठाऊक नाहीत. अधीक्षकाचे काम म्हणजे काय? धान्याची कोठी, पोरांची आजारपणे, गावाकडून आलेल्या बापाची समजूत, वर्गणीदारांना पत्रे, आणि वरिष्ठांना हिशेब. शेकडो माणसांच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था लावून महिनोन् महिने सत्याग्रह चालवायचा, तर असा अनुभव गाठीशी असणे काही लहान गोष्ट नव्हे.

शाहू महाराज नाशिकला आले ते कोल्हापूरचा वीस वर्षांचा अनुभव घेऊन. १९०१ पासून त्यांनी तेथे एकामागून एक वसतिगृहे काढविली. मुसलमान समाजातून स्वतःहून कोणी पुढे येईना, तेव्हा महाराजांनीच १९०६ साली मंडळींना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. महाराजांनी जागा दिली, इमारतीला मदत दिली. पण नुसती एकरकमी देणगी देऊन ते थांबले नाहीत. काही दर्गे-मशिदींचे उत्पन्न त्यांनी बोर्डिंगच्या खर्चाकडे लावून दिले. एकरकमी देणगीने इमारत होते. चूल पेटती राहायला दरसालचे उत्पन्न लागते. राजाला हे कळले होते. आपल्याकडील कित्येक कमिट्यांना ते अजून कळायचे आहे, असे म्हटले तर रागावू नये.

ज्यांच्या पाठीशी राजा नव्हता त्यांनी काय केले? या प्रश्नाची दोन उत्तरे उत्तर हिंदुस्थानात एकाच पिढीत मिळाली. देवबंदचा मदरसा १८६६ साली सुरू झाला. हाजी आबिद हुसेन रुमाल पसरून घरोघर गेले आणि पहिली वर्गणी त्या रुमालात जमली. मौलाना कासिम नानोतवी यांनी संस्थेसाठी आठ तत्त्वे लिहून ठेवली. त्यांत वर्गणी वाढविण्याची काळजी सदैव वाहावी हे पहिले, आणि विद्यार्थ्यांचे जेवण चालू राहावे, किंबहुना वाढावे, हे लगेच दुसरे. जहागीर किंवा कारखान्यासारखे पक्के उत्पन्न मिळाले तर कार्यकर्त्यांतला ईश्वरावरचा भरवसा आणि एकोपा सुटेल, अशी भीतीही त्यांनी तेथे नोंदवून ठेवली. गरिबांच्या आण्या-पैशांवर संस्था चालायची, म्हणजे वर्षाकाठी जमाखर्च छापून त्यांच्यापुढे ठेवणे आलेच. देवबंदची 'रूदाद' म्हणजे वार्षिक वृत्तांत. त्यात रोख देणाऱ्यांबरोबर पुस्तके, धान्य, सामान देणाऱ्यांचीही नावे असत आणि त्यांत हिंदू नावेही आढळतात. या रीतीतूनच 'मुहतमिम' म्हणजे व्यवस्थापक आणि 'सफीर' म्हणजे वर्गणीसाठी गावोगाव फिरणारा सेवक, ही पदे रूढ झाली. रमजानच्या महिन्यात खांद्याला पिशवी लावून, पावतीपुस्तक घेऊन आपल्या दारी येणारा गृहस्थ हा दीडशे वर्षांच्या या परंपरेतला आहे. त्याला दारातूनच वाटेला लावताना एवढे तरी ध्यानात असावे.

अलीगढचा मार्ग निराळा. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली मदरसा काढला आणि १८७७ साली कॉलेजची कोनशिला बसली. इंग्लंडमधील निवासी कॉलेजे पाहून आलेल्या या माणसाला वर्गांइतक्याच विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या महत्त्वाच्या वाटत होत्या. पैसा हवा होता तोही मोठा. त्यांनी लॉटरी काढली, पुस्तके विकली, उतारवयात रंगमंचावर उभे राहून लोकांना हसू दिले आणि झोळी भरली. देणगीदारांची नावे भिंतींत कोरविली. १८९० च्या सुमारास साहिबजादा आफताब अहमद खान आणि त्यांच्या सोबत्यांनी 'अंजुमन-उल-फर्ज' स्थापन केली. विद्यार्थी सुटीत गावोगाव जाऊन गरीब सोबत्यांसाठी निधी मागू लागले. शरम सोडून मागायला शिकणे हा त्या कॉलेजचा एक अलिखित विषयच झाला म्हणाना! हेच आफताब अहमद खान पुढे अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आणि याच अलीगढला १८९५ साली मोठा घाव बसला. सर सय्यद हे कॉलेजचे मानद चिटणीस. म्हणजे सारा कारभार त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर. इंग्रजी पत्रव्यवहार आणि हिशेबाचे काम त्यांनी वर्षानुवर्षे एका कारकुनावर विश्वासाने सोपविले होते. खोट्या सह्या करून त्याने एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केल्याचे उघडकीस आले. त्या काळचे लाख! ज्या रकमेसाठी एका म्हाताऱ्याने लोकांचे टोमणे सोसले, दारोदार हात पसरला, ती एका टेबलाच्या खणातून नाहीशी झाली. १८९८ च्या मार्चमध्ये सर सय्यद वारले. त्यांची अखेरची वर्षे या दुःखात गेली.

या प्रकरणाचा विचार करताना नेहमी त्या कारकुनाला दोष देऊन आपण मोकळे होतो. दोष त्याचा होताच. परंतु पैसा आणणारा, खर्चाला मंजुरी देणारा आणि सही करणारा माणूस एकच, आणि लिहिणाऱ्याचे लिखाण तपासणारा कोणीच नाही, ही व्यवस्था कोणी केली होती? मोठ्या माणसावरचा विश्वास हा हिशेबतपासणीचा पर्याय मानला गेला. देवबंदचे मुहतमिम काही अलीगढच्या मंडळींपेक्षा अधिक सज्जन होते असे मला म्हणायचे नाही. त्यांचा जमाखर्च दरसाल दोन-चार आणे देणाऱ्यांच्या हाती जात होता, एवढाच फरक.

अलीगढ सावरले, हेही नमूद करायला हवे. मोहसिन-उल-मुल्क यांनी चिटणीसपद सांभाळले. १९११ साली आगाखान यांनी विद्यापीठासाठी देशभर दौरा काढला तेव्हा शौकत अली त्यांचे चिटणीस म्हणून बरोबर हिंडले. अफूखात्यातल्या सरकारी नोकरीत दीर्घकाळ काढलेला हा धिप्पाड गृहस्थ निधी गोळा करण्यात इतका रमला की पुढे त्याचा सारा पिंडच बदलला. निधी तीस लाखांच्या घरात गेला. १९२० साली विद्यापीठ झाले.

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. निवासी महाविद्यालयाचा कारभार आणि वर्गणी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी पाहायच्या असतील तर साताऱ्याला गेले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील पूर्वी किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकणे त्या काळी सोपे नव्हते. धर्माला लागेल, जमीन बिघडेल, अशा हजार शंका. बांधावर बसून, भाकरी खाऊन माणसाचे मन वळविण्याची जी विद्या त्यांनी तेथे कमावली ती पुढे पोरांच्या कामी आली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग सुरू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. हिंदू, मुसलमान, अस्पृश्य मानलेली अशी सर्व मुले एका पंक्तीला बसत आणि स्वयंपाकही मिळून करीत.

पैसा येई कोठून? घरातल्या बायकांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते बोर्डिंगसाठी द्यावे, हा मुष्टिफंड. मदरशांसाठी आपल्याकडे जी 'चुटकी' काढतात तिचीच ही बहीण. आणि जेव्हा मूठही पुरेना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या गेल्या. रयतेच्या इतिहासात त्यांना देणगीदार म्हणतात. माझ्या मते त्या संस्थेच्या पहिल्या कोठीवाल्या. उद्या सकाळी किती पायली दळायचे हे ज्या बाईला ठाऊक असते, तिलाच दागिना कधी मोडायचा हे कळते.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, मोफत आणि निवासी. कष्ट करून शिकणाऱ्या मुलांचे कॉलेज. दुसऱ्याच वर्षी संस्थेची सरकारी ग्रँट बंद झाली. अशा वेळी फलकावरची नावे उपयोगी पडत नाहीत. उधारीवर धान्य देणारा दुकानदार, पगाराविना राबणारे सेवक आणि वर्गणीला निघालेली माणसे उपयोगी पडतात. संत गाडगेबाबांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि ग्रँट पुन्हा सुरू झाली. बाबांची स्वतःची रीतही पाहण्यासारखी होती. नाशिकसह ठिकठिकाणी त्यांनी धर्मशाळा बांधविल्या, त्यासाठी अफाट पैसा जमविला, आणि तो स्वतःच्या हाती न ठेवता विश्वस्तांच्या स्वाधीन केला. अलीगढच्या टेबलाच्या खणावर याहून चांगला तोडगा मला दिसत नाही.

रयतेचा कारभार सांभाळायला माणसे मिळाली ती पुष्कळदा त्याच बोर्डिंगातून. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे तिथलेच विद्यार्थी. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्याने स्वतः त्या पंक्तीत बसून जेवण घेतले आहे, त्याला कोठीच्या किल्लीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

याउलट, पैसा भरपूर आणि तरी काम रेंगाळले, असेही घडते. जहाजांच्या धंद्यातील सर महंमद युसुफ यांनी मुसलमान विद्यार्थ्यांच्या कॉलेजासाठी १९१४ साली आठ लाख रुपये देऊ केले. जोगेश्वरीच्या टेकडीवरचे इस्माईल युसुफ कॉलेज सुरू झाले ते १९३० साली. सोळा वर्षे! उदाजी बोर्डिंगचे सालही १९१४ च. तेथे आठ लाख नव्हते, पण पोरे जेवू लागली होती.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांची सक्ती केली. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत दरसाल पत्रके द्यावी लागतात. ती पत्रके अध्यक्ष लिहीत नाहीत. अध्यक्षांची फक्त सही असते. मार्च संपल्यावर रात्री दहापर्यंत दिवा लावून बसलेला जो कारकून असतो, तो ती लिहितो. दर स्मरणिकेच्या मागच्या पानांवर जमाखर्च छापलेला असतो आणि त्याखाली अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व हिशेबतपासनीस यांची नावे असतात. संपादक मंडळाला विनंती आहे, की पुढच्या वर्षीपासून त्याच पानावर आणखी तीन ओळींना जागा द्यावी: वही लिहिणारा, पावतीपुस्तक घेऊन फिरणारा, आणि कोठीची किल्ली सांभाळणारा.